स्वादुपिंडाचा कर्करोग आणि रसायनोपचाराची मर्यादा

स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतादी अवयवांत पसरल्यानंतर रसायनोपचाराने, म्हणजेच केमोथेरपीने, तो सहसा समूळ बरा होत नाही. ही गोष्ट वैद्यकास ठाऊक असते. रुग्णास व आप्तांस ती नेहमीच ठाऊक असते असे नाही. म्हणून उपचार चालू ठेवावा की नाही, या प्रश्नापूर्वी तो कशासाठी चालू आहे, याचे उत्तर द्यावे लागते.

या दृष्टीने बरिस व सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेला १२६ रुग्णांचा अभ्यास मननीय आहे. जेमसिटाबिन व फ्लुओरोयुरासिल या औषधांनी जीवितकालाचा मध्यक अनुक्रमे ५.६५ व ४.४१ महिने भरला. हे अंतर अल्पच होय. परंतु वेदना, वेदनाशामकांची गरज, कार्यशक्ती व वजन यांत किमान ४ आठवडे टिकणारी सुधारणा हा संशोधकांचा मुख्य निकष होता. पहिल्या गटातील २३.८ टक्के, तर दुसऱ्यातील ४.८ टक्के रुग्ण त्यास उतरले.

फ्रान्समधील ३४२ रुग्णांच्या अभ्यासात (२०११) फॉलफिरिनॉक्स या औषधसंयोगाने हा मध्यक ११.१ महिने, तर जेमसिटाबिनने ६.८ महिने आला. फॉलफिरिनॉक्सचे उपद्रव अधिक होते. तरीही ६ महिन्यांअखेर जीवनाची गुणवत्ता कायमची खालावलेले रुग्ण त्या गटात ३१ टक्के, तर दुसऱ्यात ६६ टक्के आढळले. रोग मागे हटत असेल, तर उग्र औषधही रुग्णास सावरून धरते.

उलटपक्षी, अमेरिकेत प्रिगरसन व सहकाऱ्यांनी २०१५ साली विविध कर्करोगांचे असे रुग्ण अभ्यासले, की ज्यांच्यावर पूर्वीचा रसायनोपचार निष्फळ ठरला होता. त्यांपैकी हिंडत्याफिरत्या रुग्णांत, रसायनोपचार घेणाऱ्यांचा अखेरचा आठवडा न घेणाऱ्यांपेक्षा अधिक कष्टाचा गेला. क्षीण रुग्णांनाही त्यापासून लाभ दिसला नाही.

या निष्कर्षांत विरोध नाही. औषध तेच असले तरी रोगाची अवस्था पालटली, की त्याचे मोल पालटते. म्हणून हा निर्णय एकदाच घ्यावयाचा नसून प्रत्येक फेरतपासणीच्या वेळी नव्याने घ्यावयाचा असतो. रोग आटोक्यात आहे काय, वेदना व वजन यांची स्थिती काय, आणि उरलेला काळ रुग्णास कसा घालवावयाचा आहे, हे तीन प्रश्न त्या वेळी एकत्र विचारावे लागतात. त्यांपैकी तिसऱ्याचे उत्तर रुग्णावाचून कोणी देऊ शकत नाही.

रसायनोपचार थांबविणे म्हणजे उपचार थांबविणे नव्हे. वेदनेसाठी मॉर्फिन, अन्नपचनासाठी स्वादुपिंडातील विकरांच्या गोळ्या, काविळीवर पित्तनलिकेत बसविलेली नळी, हे सर्व त्यानंतरही करावयाचे असते, आणि खरे पाहता ते त्यापूर्वीच सुरू व्हावयास हवे.