भीमथडी घोडा

भीमथडी किंवा दख्खनी घोडा ही महाराष्ट्राच्या पठारी भागात विकसित झालेली घोड्याची एक देशी जात आहे. 'थडी' म्हणजे नदीचा काठ. भीमा व तिची उपनदी नीरा यांच्या काठचा कोरडा मुलूख हे या जातीचे मूळ क्षेत्र असून त्यावरूनच तिला नाव मिळाले. ब्रिटिश अमलातही पुणे जिल्ह्यात भीमथडी नावाचा तालुका होता. मराठा घोडदळाचे प्रमुख वाहन म्हणून ही जात प्रसिद्ध आहे. भीमथडीच्या तट्टांनी यमुनेचे पाणी प्याल्याचा वाक्प्रचार आजही मराठीत रूढ आहे. रायगड जिल्ह्याच्या घाटपायथ्याच्या महाड व पोलादपूर या तालुक्यांत हा घोडा पैदास होत नाही, तरी तो तेथे अपरिचितही नाही. घाटावरून तो खाली येतो आणि पावसाळ्यापूर्वी परत जातो.

उत्पत्ती

दक्षिणेतील सत्तांना चांगल्या घोड्यांसाठी दीर्घकाळ समुद्रमार्गावर अवलंबून राहावे लागले. अरबस्तान व इराणकडील घोडे चौल, दाभोळ, गोवा अशा बंदरांत उतरत. पंधराव्या शतकात रशियन प्रवासी अफानासी निकितीन स्वतःबरोबर एक घोडा घेऊन चौलला उतरला होता. जुन्नरच्या अधिकाऱ्याने तो हिरावून घेतला व पुढे मध्यस्थी झाल्यावर परत केला. चौलशेजारच्या रेवदंड्यास निकितीनचे स्मारक आहे. या देशात घोड्यांची पैदास होत नाही, असे त्याने लिहून ठेवले आहे. सर्व देशास हे विधान लागू पडत नाही. पण परदेशी घोडा किती महाग व दुर्मीळ होता, याची त्यावरून कल्पना येते. या आयात घोड्यांचा स्थानिक तट्टांशी संकर होत गेला आणि त्यातून भीमाकाठी जी जात स्थिरावली ती भीमथडी. सतराव्या व अठराव्या शतकांत मराठा सत्तेच्या गरजेमुळे तिची पैदास विशेष वाढली.

शरीर व स्वभाव

भीमथडी दिसण्यात भव्य नाही. खांद्यापाशी त्याची उंची साधारणतः सव्वा मीटरपेक्षा किंचित अधिक भरते. बांधा आटोपशीर, पाय काटक, खूर टणक. रंगांत तांबडा, कुमैत, काळा, पांढरा, अबलख असे वैविध्य आढळते. मारवाडी किंवा काठेवाडी घोड्याचे आत वळलेले, टोकाशी जुळणारे कान याला नसतात. तापीकाठी सारंगखेड्याच्या यात्रेत किंवा मराठवाड्यात माळेगावच्या यात्रेत उंची, चाल व ऐट यांना मोल मिळते; त्या मापाने भीमथडी मागे पडतो. परंतु ते माप मुळात त्याचे नव्हे.

त्याचे खरे गुण कामात दिसतात. थोड्या चाऱ्यावर, प्रसंगी वाळलेल्या गवतावर तो तग धरतो. दिवसचे दिवस ओझे घेऊन चालतो. खडकाळ उतारावर पाऊल जपून टाकतो. गर्दी, गोंगाट, कुत्री, मेंढ्या यांना तो सहसा बुजत नाही आणि लहान मुलांच्या हातीही वागतो. अवर्षणाच्या मुलखात, मोजक्या दाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या पोसला गेल्याने हे गुण त्याच्यात मुरले आहेत. उंच घोड्यास जितकी चंदी लागते तितकी दुष्काळी गावातील शेतकरी किंवा धनगर देऊ शकत नसे, त्यामुळे मोठ्या खुराकाची जनावरे तेथे टिकली नाहीत.

घाटाखालचा प्रदेश आणि घोडदळ

महाड-पोलादपूरचा प्रदेश घोड्यास मानवणारा नाही. पावसाळ्याचे चार महिने अतिवृष्टी, ओली जमीन व चिखल असतो. सतत ओलीत राहिल्याने खूर कुजतात. गोमाश्यांमुळे सर्रा हा रक्तातील परजीवींचा घातक रोग पसरतो. येथील पीक भाताचे, त्यामुळे चारा म्हणजे पेंढा. घाटावरच्या ज्वारीच्या कडब्याची किंवा हरभऱ्याची सर त्यास नाही. रायगडासारखी राजधानी महाड तालुक्यात असूनही घोडदळाची पैदास घाटावरच राहिली, यामागे हे साधे कारण आहे. रायगडावरील बाजारपेठेची जोती उंच आहेत ती घोड्यावर बसूनच खरेदी करता यावी म्हणून, असे पर्यटकांना सांगितले जाते. काही अभ्यासक मात्र त्या इमारतींना दुकाने न मानता निवासस्थाने वा कचेऱ्या मानतात.

या रानात घोड्याचा उपयोग कोठे होतो व कोठे नाही, हे प्रतापगडाच्या प्रसंगावरून स्पष्ट होते. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना हा गड लागतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाचा वध झाल्यावर जावळीच्या झाडीत त्याच्या फौजेचा पाडाव केला तो प्रामुख्याने मावळी पायदळाने. घोड्याचे काम त्यानंतर सुरू झाले. शत्रू सावरण्यापूर्वी शिवाजी महाराज दक्षिणेकडे सरकले आणि २८ नोव्हेंबरला, म्हणजे अवघ्या १८ दिवसांत, पन्हाळा घेतला. मराठा घोडदळाची ही गती काटक घोड्यावाचून शक्य नव्हती.

घोड्याची निगा हा त्या राज्याच्या व्यवस्थेचा भाग होता. सभासदाच्या बखरीनुसार २५ बारगिरांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. कोकणातील पावसाळा घोडदळास किती जड जाई, हे चिपळूणजवळ दळवटणे येथील छावणीस महाराजांनी लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रावरून समजते. दाणा व गवत आताच उधळले तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील, त्या मृत्यूचा दोष तुमच्याकडे येईल आणि मग तुम्ही रयतेस उपद्रव द्याल, असा त्याचा आशय आहे. आगट्या, चिलमी आणि उंदराने ओढून नेलेली दिव्याची वात यांनी गवताच्या गंजी पेटतील, इतक्या बारकाव्यानेही त्यात बजावलेले आहे.

ऱ्हास

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि शिलेदारांचा घोडा विकत घेणारा मोठा ग्राहक नाहीसा झाला. इंग्रजी लष्करास उंच घोडा हवा होता. त्यासाठी परदेशी वळू आणले गेले व पुढे ऑस्ट्रेलियातून घोड्यांची आयात होऊ लागली. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात याच पट्ट्यातील जनावरांची मोठी हानी झाली. काही अश्वविषयक ग्रंथांनी तर ही जात नामशेष झाल्यातच जमा धरली.

धनगरांचा घोडा

ती टिकली ती मेंढपाळ धनगरांकडे. बारामती, फलटण या बाजूंचे हटकर धनगर दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन कोकणात उतरतात. महाडकडे येणारे कळप भोरहून वरंध घाटाने येतात. भात कापून झालेल्या खाचरांत रात्री मेंढ्या बसवतात. लेंडीखताच्या मोबदल्यात शेतकऱ्याकडून धान्य किंवा पैसे मिळतात. पुरुष कळपामागे असतात, तर तळ हलवण्याचे काम बहुधा स्त्रियांकडे असते. पाल, भांडी, धान्य, कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरे आणि कधी कधी तान्ही मुलेही घोड्याच्या पाठीवर असतात. पावसाळ्यापूर्वी हे वाडे पुन्हा घाट चढतात. महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांत कायम राहणारे गवळी धनगर यांहून वेगळे असून ते गायी-म्हशी पाळतात. तसेच महाबळेश्वर व माथेरान येथील सवारीचे घोडे सरसकट भीमथडी समजू नयेत. त्यांत संकर पुष्कळ आहे.

मान्यता व सद्यःस्थिती

कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने २०२४ च्या सुमारास भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मारवाडी, काठेवाडी, कच्छी-सिंधी, झंस्कारी, स्पिती, भुतिया व मणिपुरी यांनंतरची ही आठवी मान्यताप्राप्त भारतीय जात होय. नोंदणीमुळे जातीची लक्षणे निश्चित होतात, पशुगणनेत तिला वेगळे स्थान मिळू शकते आणि शुद्ध वंशाचे नर राखण्यास आधार मिळतो. मात्र नोंदवहीत जात राखणे आणि वाटेवर राखणे यांत फरक आहे. चराईची राने कमी होत आहेत, रस्त्यांवरील वाहतूक वाढली आहे, धनगरांची पुढची पिढी शाळेकडे व नोकरीकडे वळते आहे. काही वाडे सामान नेण्यासाठी आता टेम्पो भाड्याने घेतात. टेम्पोने जाणाऱ्या वाड्याला ओझ्याचा घोडा लागत नाही, आणि मग घरच्या घोडीला वळू दाखवण्याचे कारणही उरत नाही.