वाहतूक कोंडीत गाडी तापते? आधी रेडिएटरचा पंखा तपासा

2016 साली फळे व भाजीपाला यांची बाजार समितीच्या आवाराबाहेरील विक्री नियमनमुक्त झाली. तेव्हापासून अनेक शेतकरी स्वतःच्या गाडीतून मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली या उपनगरांत माल थेट ग्राहकांपर्यंत नेतात. गावाकडे वर्षानुवर्षे तक्रार न करणारी गाडी पूर्व द्रुतगती महामार्गावरील किंवा घोडबंदरच्या गायमुख चढावरील कोंडीत मात्र अचानक तापते. अशा वेळी गाडी तशीच रेटल्यास हेड गॅस्केट जळते, हेड वाकते आणि गाडीतली मेथी-कोथिंबीर उन्हात सुकते ती वेगळीच.

कोंडीतच गाडी का तापते?

गाडी वेगात असताना समोरून येणारा वारा रेडिएटरमधील पाणी थंड करतो. गाडी उभी राहिली की हा वारा थांबतो आणि सगळी भिस्त पंख्यावर येते. म्हणूनच पुढील खूण ध्यानात ठेवावी. कोंडीत काटा चढत असेल व मोकळ्या रस्त्यावर उतरत असेल, तर दोष बहुधा पंख्यात असतो. मोकळ्या रस्त्यावरही काटा चढत असेल, तर पाण्याची गळती, तुंबलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट किंवा पाण्याचा पंप यांकडे पाहावे.

आपल्या गाडीचा पंखा कोणता?

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचा पंखा इंजिनवरील पट्ट्याने फिरत असे. 1983 साली आलेल्या मारुती 800 मध्ये विजेवर चालणारा पंखा होता. आजच्या बहुतेक मोटारींत तसाच असतो. अनेक डिझेल पिकअपमध्ये मात्र अजूनही पट्ट्याचा पंखा असतो. पट्टा सैल, तडकलेला किंवा तेलकट झाला असेल तर पंखा मंद फिरतो. काही पंख्यांना मधोमध तेलाचा क्लच असतो. इंजिन बंद व गरम असताना असा पंखा हाताला अजिबात अडथळा न करता गरगर फिरला, तर क्लच निकामी झाला असे समजावे.

विजेच्या पंख्याची तपासणी

विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. म्हणून पात्यांना हात लावण्यापूर्वी बॅटरीची ऋण वायर काढावी. त्यानंतर तपासणी पुढील क्रमाने करावी.

1. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर कूलंटची पातळी पाहावी. पातळी फार खाली गेल्यास सेन्सर कोरडा पडतो, त्याला खरे तापमान कळत नाही आणि पंखा सुरू होत नाही.

2. पाते हाताने फिरवावे. ते जड फिरत असेल किंवा अडकत असेल तर मोटर जाम आहे. पावसाळ्यात अंधेरी सबवेसारख्या सखल जागी साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यास मोटरमध्ये पाणी शिरते व ती गंजते. येथवर सर्व ठीक असल्यास बॅटरीची वायर पुन्हा जोडावी.

3. इंजिन सुरू करून एसी लावावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर पंखाही फिरू लागतो. एसीवर तो फिरतो पण इंजिन तापल्यावर फिरत नाही, तर मोटर सहसा ठीक असून दोष तापमानाच्या स्विचमध्ये किंवा सेन्सरमध्ये असतो. गाडीला दोन पंखे असल्यास दोन्ही पाहावेत.

4. फ्यूज पाहावा. जळला असल्यास तेवढ्याच अँपिअरचा नवा घालावा. तार गुंडाळून काम भागवू नये. त्याने वायरिंग पेट घेऊ शकते. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर मोटर जाम आहे किंवा वायर कुठेतरी घासून उघडी पडली आहे.

5. फ्यूज चांगला असल्यास रिले तपासावा. त्याच क्रमांकाचा दुसरा रिले, उदाहरणार्थ हॉर्नचा, त्या जागी लावून पाहावा. पंखा फिरला तर जुना रिले बदलावा.

6. मोटरचा प्लग काढून त्यात 12 व्होल्टचा दिवा जोडावा व एसी लावावा. दिवा पेटला, म्हणजे वीज मोटरपर्यंत येते. दोष मोटरचा किंवा प्लगच्या सैल जोडाचा आहे. दिवा पेटला नाही, तर दोष मागच्या वायरिंगमध्ये किंवा अर्थच्या जोडणीत आहे. संगणकाने पंख्याचा वेग बदलणाऱ्या नव्या गाड्यांत हा प्रयोग न करता जाणकार कारागिराकडे जावे.

दुरुस्तीनंतर

मोटर बदलल्यावर वायरी उलट जोडल्या गेल्यास पंखा उलटा फिरतो व गाडी पूर्वीसारखीच तापते. पंखा रेडिएटरच्या मागे असेल, तर तो चालू असताना रेडिएटरच्या समोरील बाजूस कागद धरावा. कागद आत ओढला गेला म्हणजे दिशा बरोबर आहे. रेडिएटरच्या जाळीत अडकलेले भूस व किडे ट्रॅक्टरप्रमाणेच मोटारीतूनही वेळोवेळी काढावेत.

रस्त्यात गाडी तापल्यास

काटा चढू लागताच एसी बंद करावा. हीटर व त्याचा ब्लोअर पूर्ण सुरू करावा. त्याने इंजिनची काही उष्णता बाहेर पडते. काटा लाल खुणेजवळ गेल्यास गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण मुळीच उघडू नये. आतील पाणी दाबाखाली 100 अंशांपेक्षा जास्त तापलेले असते व ते उसळून अंगावर येते. तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतू नये. हेडला तडा जाऊ शकतो. इंजिन थंड होण्यास किमान अर्धा तास द्यावा.

मालाची खेप भरण्याच्या आदल्या दिवशी गाडी अंगणात उभी ठेवून इंजिन चालू ठेवावे व काट्यावर लक्ष ठेवावे. तापमान वाढल्यावर पंखा आपोआप सुरू होऊन काही वेळाने थांबला, तर काळजी नाही. काटा नेहमीच्या खुणेपुढे गेला तरी पंखा हलत नसेल, तर इंजिन लगेच बंद करावे आणि दुरुस्ती झाल्याशिवाय माल भरू नये.