तीन रात्रींची ‘कॅरेबियन’ क्रूझ एवढी स्वस्त कशी मिळते? बुक करण्याआधी मित्रांच्या ग्रुपने हे गणित समजून घ्या

इन्स्टाग्रामवर एक रील हमखास समोर येतं. मायामीहून निघालेलं अवाढव्य जहाज, डेकवर स्विमिंग पूल, निळंशार पाणी, दंगा करणारे पाच-सहा मित्रमैत्रिणी आणि खाली आकडा: तीन रात्री, राहणं-जेवणं धरून माणशी फक्त २५० डॉलर. अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला असलेल्या मराठी पोरापोरींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते रील फिरतं आणि लाँग वीकेंड जवळ आला की कुणीतरी विचारतंच, “काय मग, जायचं का?”

जायला काहीच हरकत नाही. पण एवढ्या पैशांत कंपनीला हे परवडतं कसं, ते आधी समजून घेतलेलं बरं. कारण ते कळलं की आपले पैसे कुठं जाणार, ग्रुपमध्ये वाद कशावरून होणार आणि कुणाचं अमेरिकेत परत येणं अडकू शकतं, हेही कळतं.

नाव कॅरेबियन, पण जहाज जातं कुठं?

फ्लोरिडाहून निघणाऱ्या तीन-चार रात्रींच्या बहुतेक क्रूझ बहामाजला जातात. नासाऊ हे राजधानीचं शहर आणि कंपनीचं स्वतःचं एखादं बेट, एवढाच प्रवास असतो. गंमत म्हणजे बहामाजची बेटं कॅरेबियन समुद्रात नाहीतच, ती अटलांटिक महासागरात आहेत. जाहिरातीत मात्र सगळं कॅरेबियनच्या नावावर खपतं.

बहामाजच का, याची दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे अंतर. मायामी ते नासाऊ साधारण ३०० किलोमीटर. संध्याकाळी निघालेलं जहाज निवांत चाललं तरी सकाळी पोहोचतं.

दुसरं कारण आहे १८८६ सालचा एक कायदा. अमेरिकी जहाज कंपन्यांना संरक्षण देण्यासाठी झालेल्या या कायद्यानुसार परदेशात नोंदणी झालेल्या जहाजाला फक्त अमेरिकेच्या बंदरांमध्ये प्रवासी वाहतूक करता येत नाही. मायामीहून निघून मायामीलाच परत यायचं असेल तर वाटेत एखादं परदेशी बंदर घ्यावंच लागतं. आणि मोठ्या क्रूझ जहाजांपैकी बहुतेकांची नोंदणी बहामाज, पनामा अशा देशांत असते. त्यामुळे जवळचं परदेशी बंदर म्हणून नासाऊची चांदी झाली.

या धंद्याच्या आधुनिक रूपाची सुरुवात १९६६ मध्ये झाली. नॉर्वेच्या नूट क्लोस्टर यांचं ‘सनवर्ड’ नावाचं जहाज युरोपात चाललं नाही. टेड ॲरिसन यांनी ते मायामीला आणवलं आणि त्या डिसेंबरपासून ते नासाऊच्या छोट्या फेऱ्या करू लागलं. पुढे १९७२ मध्ये याच ॲरिसन यांनी कार्निव्हल कंपनी काढली.

१९९० मध्ये रॉयल कॅरिबियनने खास तीन-चार रात्रींच्या सहलींसाठी ‘नॉर्डिक एम्प्रेस’ हे जहाज आणलं. हे नाव ओळखीचं वाटत नसलं तरी जहाज मुंबईकरांच्या ओळखीचं आहे. २०२१ पासून मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपला जाणारं कॉर्डेलियाचं ‘एम्प्रेस’ ते हेच. एकेकाळी त्याची रोजची वाट मायामी ते बहामाज अशी होती.

भाडं कमी, मग कमाई कुठून?

जहाज परदेशी झेंड्याखाली असल्यामुळे अमेरिकेचा किमान वेतनाचा कायदा तिथल्या कर्मचाऱ्यांना लागू होत नाही. कर्मचारी फिलिपिन्स, इंडोनेशिया, भारत अशा देशांतून येतात. गोव्यातली कितीतरी माणसं वर्षातले सहा-आठ महिने अशा जहाजांवर काढतात. त्यांना तिथं तारवटी म्हणतात. केबिन आवरणाऱ्या आणि जेवण वाढणाऱ्या या लोकांच्या उत्पन्नाचा मोठा भाग टिपवर अवलंबून असतो. ही टिप दर माणशी दर दिवशी साधारण १६ ते २० डॉलर या हिशोबाने बिलात आपोआप लागते आणि २५० डॉलरच्या आकड्यात ती सहसा धरलेली नसते. काही जण काउंटरवर जाऊन ती काढून टाकायला सांगतात. त्यांचे ५०-६० डॉलर वाचतात खरे, पण त्याची झळ याच माणसांना बसते.

कंपनीची खरी कमाई मात्र जहाजावर चढल्यावर सुरू होते. दारू, कॅसिनो, इंटरनेट, स्पेशल रेस्टॉरंट, किनाऱ्यावरच्या सहली, सगळ्याचे पैसे वेगळे. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. एक कार्ड मिळतं, ते टॅप करत राहायचं. खिशातून नोट जात नसल्यामुळे किती उडवले ते शेवटच्या दिवशी सकाळी बिल आल्यावरच कळतं.

खासगी बेटाचंही तेच. १९७७ मध्ये नॉर्वेजियन कंपनीने बहामाजमधलं ग्रेट स्टिरप के हे बेट विकत घेतलं. मग इतरांनीही तीच वाट धरली. नासाऊच्या बाजारात पर्यटकाने खर्च केला तर पैसा स्थानिक दुकानदाराला जातो, स्वतःच्या बेटावर तो कंपनीकडेच राहतो. रॉयल कॅरिबियनच्या कोकोके बेटावर किनारा आणि जेवण भाड्यात येतं, वॉटरपार्कचं तिकीट मात्र वेगळं.

पूर्वी छोट्या सहलींना जुनी जहाजं लावायचे. २०२४ मध्ये रॉयल कॅरिबियनने ‘युटोपिया ऑफ द सीज’ हे कोरं जहाज थेट तीन-चार रात्रींच्या फेऱ्यांना लावलं. दोघांना एक केबिन धरली तरी साडेपाच हजारांहून जास्त प्रवासी त्यात मावतात. तीन दिवसांसाठी आलेली माणसं हात सैल सोडून खर्च करतात, हे कंपन्यांना पक्कं ठाऊक आहे.

ग्रुपचं कुठं बिनसतं?

पहिला मुद्दा केबिनचा. जाहिरातीतलं भाडं एका केबिनमध्ये दोघं धरून असतं. पाच जणांचा ग्रुप असेल आणि पाचव्याला एकट्याला राहावं लागलं, तर त्याला जवळपास दोघांचं भाडं पडू शकतं. तिसरा-चौथा माणूस त्याच केबिनमध्ये राहिला तर त्याचं भाडं बऱ्याचदा कमी असतं, पण जागा मुंबईतल्या लॉजची आठवण करून देते.

दुसरा मुद्दा दारूचा. अनलिमिटेड ड्रिंक्स पॅकेज एकाने घेतलं तर त्याच केबिनमधल्या दुसऱ्या प्रौढ माणसालाही ते घ्यावं लागतं, असा अनेक कंपन्यांचा नियम आहे. समजा पॅकेज दिवसाला ७० डॉलर आहे. तीन दिवसांचे झाले २१०, वर सर्व्हिस चार्ज. म्हणजे भाड्याइतकीच रक्कम. आता यात एक जण न पिणारा असेल तर त्याने ते का भरायचे? म्हणून केबिनची वाटणी करताना पिणारे एकीकडे आणि न पिणारे एकीकडे, हे बुकिंगच्या आधी ठरलेलं बरं. अमेरिकेहून निघणाऱ्या जहाजांवर दारूसाठी वयाची अट २१ आहे, हेही कॉलेजच्या ग्रुपने लक्षात ठेवावं.

सगळ्यात मोठी गोष्ट: परत कसं येणार?

क्रूझ तीन दिवसांची असली तरी कागदोपत्री तुम्ही अमेरिका सोडलेली असते. ग्रुपमधल्या अमेरिकी नागरिकाला अशा फेरीवर जन्मदाखला आणि सरकारी ओळखपत्रावरही जाता येतं. “माझं तर एवढ्यावर झालं होतं,” असं तो सहज सांगून जातो. पण भारतीय पासपोर्टवाल्याला ते लागू नाही.

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या अनेकांचा एच-१बी दर्जा चालू असतो, पण पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपलेली असते. देशात राहायला त्याने अडत नाही, बाहेर जाऊन परत यायला अडतं. मुदत संपलेल्या व्हिसावर ३० दिवसांच्या आत परत येण्याची एक सवलत आहे, पण एच-१बीवाल्यांसाठी ती फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे. बहामाज त्यात बसत नाही. एफ-१ विद्यार्थ्यांना मात्र क्युबा सोडून आजूबाजूच्या बेटांसाठीही ही सवलत मिळते. त्यासाठी आय-९४ आणि कॉलेजची प्रवासाची सही असलेला आय-२० जवळ हवा, आणि नव्या व्हिसाचा अर्ज केलेला असेल तर ही सवलत लागू होत नाही. म्हणजे एकाच ग्रुपमधला विद्यार्थी जाऊ शकतो आणि नोकरीवाला अडकू शकतो.

म्हणून पैसे भरण्याआधी प्रत्येकाने पासपोर्टवरच्या व्हिसाची तारीख पाहावी. शंका असेल तर क्रूझ कंपनीला, आणि कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला किंवा ऑफिसच्या वकिलाला विचारावं. वाटेतल्या बंदराच्या देशाचे व्हिसा नियमही तेव्हाच विचारून घ्यावेत.

आणि या चार गोष्टी

जहाज कुणासाठी थांबत नाही. नासाऊमध्ये स्वतःचे स्वतः फिरायला गेलात आणि उशीर झाला, तर पुढचा खर्च तुमचा. म्हणून पासपोर्ट सोबत हवा आणि घड्याळ जहाजाच्या वेळेवर. निघायच्या दिवशीही विमान लेट होऊ शकतं, त्यामुळे आदल्या दिवशी पोहोचणं शहाणपणाचं.

फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. समुद्रातलं रोमिंग फार महाग पडतं.

अमेरिकेतला हेल्थ इन्शुरन्स जहाजावरच्या दवाखान्यात चालेलच असं नाही. प्रवास विमा घ्या. जेवणाआधी हात साबणानेच धुवा, कारण जहाजांवर पसरणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही.

१ जून ते ३० नोव्हेंबर हा तिथला वादळांचा हंगाम. या काळात भाडी उतरतात, पण कंपनी बंदर बदलू शकते आणि त्याची पूर्ण भरपाई मिळत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर “जायचं का?” आलं की लगेच हो म्हणू नका. आधी प्रत्येकाच्या व्हिसाची तारीख मागा, केबिनची वाटणी ठरवा, टिप आणि पॅकेज धरून खरा आकडा काढा. तो सगळ्यांना झेपत असेल तर बॅग भरा.