तिळाहून लहान गर्भाचा निरोप

पाळी चुकते त्या दिवशी गर्भाचे खरे वय जेमतेम दोन आठवडे असते आणि आकार तिळाहूनही लहान. त्याला अजून हृदय नसते, मेंदू नसतो. तरीही एवढ्या अवधीत त्याने आईच्या शरीरातला महिन्याचा क्रम रोखून धरलेला असतो.

हे घडते ते असे. बीजनलिकेत फलन झाल्यावर साधारण सहा ते दहा दिवसांत गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतो. रुजतानाच त्याच्या बाहेरच्या पेशी आईच्या रक्तात एक संप्रेरक सोडतात. ह्युमन कोरिऑनिक गोनॅडोट्रॉपिन हे त्याचे पूर्ण नाव. दवाखान्यात त्याला एचसीजी म्हणतात. अंडाशयात बीज सुटलेल्या जागी जो पीतपिंड तयार होतो, तो एरवी दोन आठवड्यांत सुकतो, प्रोजेस्टेरॉन घटते आणि पाळी येते. एचसीजी त्या पिंडाला सुकू देत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत त्याचे प्रमाण दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होते, आठव्या ते अकराव्या आठवड्याच्या सुमारास शिखर गाठते आणि मग उतरते.

मळमळ, थकवा, स्तन दुखणे, वारंवार लघवीला जावे लागणे, वास सहन न होणे ही लक्षणे याच आठवड्यांत दिसतात आणि प्रश्न पडतो: हे नेहमीचेच, की डॉक्टरांना दाखवायला हवे? या प्रश्नाचे उत्तर ज्या शास्त्रातून मिळते, त्याचे बरेच धागे कोलकात्यातून गेलेले आहेत.

निरोप वाचायला शिकताना

गर्भवती स्त्रीच्या लघवीत हे संप्रेरक उतरते, हे १९२७च्या सुमारास बर्लिनमध्ये सेल्मार आशहाइम आणि बर्नहार्ड झोंडेक यांनी दाखवले. स्त्रीची लघवी कोवळ्या उंदरिणीला टोचायची आणि काही दिवसांनी तिचे अंडाशय तपासायचे, अशी ती पद्धत होती. पुढे उंदरांच्या जागी ससे आले, मग दक्षिण आफ्रिकेतला झेनोपस जातीचा बेडूक. त्याच्या मादीला लघवी टोचली की ती काही तासांतच अंडी घाली. १९४७मध्ये अर्जेंटिनातल्या कार्लोस गाली मायनिनी यांनी नर भेकावरही ही चाचणी करता येते हे दाखवले.

ब्रिटनमध्ये या चाचण्यांचे मोठे केंद्र होते एडिंबरा. १९६०च्या दशकात कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय त्याच शहरात संशोधनासाठी गेले. गर्भारपणात शरीरात होणाऱ्या रासायनिक बदलांवर त्यांनी १९५८मध्ये कलकत्ता विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली होती. एडिंबऱ्यात जॉन लोरेन यांच्या हाताखाली ल्युटिनायझिंग हार्मोन मोजण्याच्या पद्धतीवर काम करून १९६७मध्ये त्यांनी दुसरी पीएच.डी. घेतली. हे हार्मोन एचसीजीचे जवळचे भावंड. दोघांची रचना इतकी सारखी की जुन्या चाचण्या त्यांची गल्लत करत. ती गल्लत १९७२मध्ये सुटली. अमेरिकेत ज्युडिथ वैटुकायटिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एचसीजीचा वेगळा असलेला बीटा हा भाग नेमका ओळखणारी चाचणी तयार केली. आज औषधाच्या दुकानात मिळणारी पट्टी त्याच तत्त्वावर चालते.

मुखोपाध्याय कोलकात्यात परतले. त्यांनी गोठवून ५३ दिवस जपलेल्या गर्भातून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी एक मुलगी जन्मली आणि ‘दुर्गा’ या नावाने गाजली. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी, लुईस ब्राऊन, इंग्लंडमध्ये त्याच वर्षी २५ जुलैला जन्मली होती. मुखोपाध्यायांच्या दाव्यावर सरकारी समितीने अविश्वास दाखवला, त्यांची बदली नेत्रविज्ञान संस्थेत झाली आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी आयुष्य संपवले. १९८६मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून हर्षाचा जन्म झाला आणि तीच भारताची पहिली टेस्ट ट्यूब बेबी ठरली. पुढे आनंद कुमारांनीच मुखोपाध्यायांचे कागद तपासले आणि १९९७मध्ये पहिलेपणाचा मान कोलकात्याला असल्याचे जाहीरपणे सांगितले.

लुईसच्या आधी इंग्लंडच्या पॅट्रिक स्टेप्टो आणि रॉबर्ट एडवर्ड्स यांच्या प्रयत्नांतून राहिलेल्या एका गर्भाची नोंद १९७६ची आहे. डॉक्टरांनी गर्भ गर्भाशयातच सोडला होता, तरी तो जाऊन रुजला बीजनलिकेत. गर्भधारणा काढून टाकावी लागली. एचसीजी मात्र तिथेही तयार झालेच होते. पट्टीवरच्या दोन रेघा रक्तात संप्रेरक आहे एवढेच सांगतात. गर्भ कुठे आहे आणि कसा आहे, हे त्या सांगू शकत नाहीत. डॉक्टरांकडे जाण्याचे पहिले कारण हेच.

मळमळीचे गूढ आणि बंगालचे रक्त

गर्भवतींपैकी सत्तर-ऐंशी टक्क्यांना मळमळ किंवा उलट्या होतात. सुरुवात सहाव्या आठवड्याच्या आसपास होते, नवव्याला जोर असतो आणि बहुतेकींना चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत उतार पडतो. (हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेले.) ‘सकाळची मळमळ’ म्हणतात खरे, पण ती दिवसभरात केव्हाही होते.

तिचे कारण कित्येक वर्षे एचसीजीवर ढकलले जाई. डिसेंबर २०२३मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मार्लेना फेयझो, स्टीफन ओराहिली आणि सहकाऱ्यांचे संशोधन आले आणि चित्र बदलले. जीडीएफ-१५ नावाचे आणखी एक संप्रेरक गर्भ आणि वार आईच्या रक्तात सोडतात आणि ते मेंदूतल्या उलटीच्या केंद्रावर काम करते. गर्भारपणाआधी जिच्या रक्तात ते कमी असते, तिला अचानक वाढलेले प्रमाण सोसत नाही. जिच्या रक्तात ते आधीपासूनच जास्त असते, तिला त्रास कमी होतो. याचा पुरावा मिळाला तो बीटा थॅलेसेमिया असलेल्या स्त्रियांमध्ये. त्यांच्या रक्तात जीडीएफ-१५ कायमच चढे असते आणि त्यांच्यात गर्भारपणातली मळमळ फार कमी आढळली.

कोलकात्याच्या वाचकाला ही गोष्ट घरची वाटेल. बंगालमध्ये हिमोग्लोबिन-ई हा रक्तातला बदल पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो आणि बीटा थॅलेसेमिया एकत्र आल्यावर होणाऱ्या आजाराचा अभ्यास कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये डॉ. ज्योतिभूषण चटर्जी यांनी १९५०च्या दशकात केला. या दोषाचा वाहक असलेल्या माणसाला बहुधा काहीच त्रास नसतो. फार तर थोडा ॲनिमिया, तोही लोहाच्या गोळ्यांनी न हटणारा. पण आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला गंभीर आजार होण्याची शक्यता २५ टक्के. महाराष्ट्रात विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचे गणित असेच आहे.

काही त्रास नसला तरी

म्हणून लक्षणे सौम्य आहेत, किंवा नाहीतच, हे डॉक्टरांकडे न जाण्याचे कारण होऊ शकत नाही. थॅलेसेमियाची रक्तचाचणी आधी आईची होते. तिच्यात दोष सापडला तर वडिलांची. दोघेही वाहक निघाले तर गर्भाची तपासणी अकराव्या आठवड्यापासून करता येते. बाई चौथ्या महिन्यात पहिल्यांदा आली, तर ही वेळ टळून गेलेली असते.

घाईचे दुसरे कारण मुंबईशी जोडलेले आहे. लुसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर १९२८मध्ये मुंबईत आली, ती गिरणी कामगार वस्त्यांतल्या गर्भवतींना होणाऱ्या एका घातक ॲनिमियाचा शोध घ्यायला. यीस्टच्या अर्काने, म्हणजे साध्या मार्माइटने तो बरा होतो हे तिला दिसले. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. बाळाचा मेंदू आणि कणा ज्या नळीपासून घडतात, ती नळी फलनानंतर २८ दिवसांत मिटते, तेव्हा पाळी चुकून दोनच आठवडे झालेले असतात. म्हणून फॉलिक ॲसिड गर्भ राहण्याआधीपासून घेणे उत्तम. ते जमले नसेल तर पाळी चुकताच.

मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड किंवा फिट्सची औषधे चालू असतील, तर पट्टीवर दोन रेघा दिसताच डॉक्टरांना कळवावे. यातली काही औषधे बदलावी लागतात, पण आपल्या मनाने बंद करणे तितकेच धोक्याचे. पूर्वी बीजनलिकेत गर्भ राहिलेला असेल, तांबी बसवलेली असताना दिवस गेले असतील किंवा वंध्यत्वावरच्या उपचारांनी गर्भ राहिला असेल, तरीही थांबू नये. बाकी निरोगी स्त्रीने सातव्या-आठव्या आठवड्यात पहिली भेट घेतली तरी चालते. तेव्हाच्या सोनोग्राफीत गर्भाची जागा आणि हृदयाचे ठोके दोन्ही दिसतात.

ज्या दिवशी थांबू नये

कोलकात्यात पोटाची कोणतीही तक्रार ‘गॅस’ किंवा ‘अंबल’ या खात्यात जमा होते आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून ॲसिडिटीची गोळी येते. आपल्याकडे ‘पित्त झालंय’ म्हणून तेच होते. पाळी चुकलेली असताना ओटीपोटात एका बाजूला दुखत असेल, खांद्याच्या टोकाला कळ येत असेल, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर ते बीजनलिकेतल्या गर्भाचे लक्षण असू शकते. शंभरातल्या एक-दोन गर्भधारणा गर्भाशयाबाहेर होतात. नळी फुटली तर पोटात रक्त साचते. खांदा दुखतो तो त्या रक्ताने श्वासपटलाला होणाऱ्या दाहामुळे. अशा वेळी रात्र काढू नये, थेट मोठे रुग्णालय गाठावे. दुकानातून गर्भपाताच्या गोळ्या आणून घेणेही याच कारणाने घातक: बीजनलिकेतला गर्भ त्या गोळ्यांनी पडत नाही, पण रक्तस्राव झाल्याने ‘काम झाले’ असा समज होतो.

नुसता डाग लागणे घाबरण्याजोगे नसते. सुमारे चौथा हिस्सा स्त्रियांना पहिल्या तीन महिन्यांत थोडेफार रक्त दिसते आणि त्यातल्या अनेकींचे गर्भारपण सुरळीत पार पडते. तरी एक-दोन दिवसांत दाखवावे. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तो आवर्जून सांगावा, कारण अँटी-डी इंजेक्शनचा निर्णय त्यावर ठरतो. तासाभरात पॅड भिजत असेल, गाठी पडत असतील किंवा सोबत कळा असतील, तर लगेच निघावे.

उलट्यांची सीमा सोपी आहे. खाल्लेले पडते पण पाणी टिकते, तोवर थोडे थोडे खात घरी राहता येते. दिवसभर पाण्याचा घोटही टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, वजन उतरत असेल, तर सलाइनची वेळ आली आहे. क्वचित अशा अतिउलट्यांमागे द्राक्षगर्भ असतो. त्यात वारेच्या पेशी बेसुमार वाढतात आणि एचसीजी प्रचंड चढते.

ताप हे स्वतंत्र कारण. पावसाळ्यापासून नोव्हेंबरपर्यंत कोलकात्यात डेंग्यू आणि मलेरिया असतात, मुंबई-पुण्यातही असतात. गर्भवतीने तापात आपल्या मनाने आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेऊ नये. पॅरासिटॅमॉल घेऊन त्याच दिवशी रक्त तपासावे. लघवी करताना जळजळ होत असेल तर तीही तपासून घ्यावी.

दाखवायचे कोणाला?

पुष्कळदा लक्षण कळते, पण दाखवायला जाणे होत नाही. आनंदीबाई जोशी यांनी हेच कारण २४ फेब्रुवारी १८८३ रोजी कोलकात्याजवळच्या श्रीरामपूर कॉलेजात भाषण करताना मांडले होते: पुरुष डॉक्टरांपुढे मोकळे होता येत नाही, म्हणून या देशाला स्त्री डॉक्टर हव्यात. त्यांचे स्वतःचे बाळ दहा दिवसांत गेले होते. तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. त्याच एप्रिलमध्ये त्या कोलकात्याहून अमेरिकेला निघाल्या. १८८६मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर होताना त्यांनी लिहिलेला प्रबंध हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर होता. कादंबिनी गांगुली त्याच वर्षी कलकत्ता मेडिकल कॉलेजातून डॉक्टर म्हणून बाहेर पडल्या आणि पुढे लेडी डफरिन रुग्णालयात काम करू लागल्या.

आता तो अडसर पुष्कळ कमी झाला आहे. कॉलेज स्ट्रीटवरच्या मेडिकल कॉलेजातले ईडन रुग्णालय, हाजऱ्याचे चित्तरंजन सेवासदन अशी सरकारी प्रसूतिगृहे शहरात आहेत. खेडोपाडी आशाताईंकडे ‘निश्चय’ नावाची चाचणीपट्टी असते. बाराव्या आठवड्याच्या आत नाव नोंदवावे, असा सरकारी आरोग्यसेवेचा आग्रह आहे.

पट्टी सकाळच्या पहिल्या लघवीवर करावी. एकच रेघ आली आणि पाळी तरीही आली नाही, तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा करावी. दोन रेघा आल्या की शेवटच्या पाळीची पहिली तारीख, चालू औषधांची नावे आणि स्वतःचा रक्तगट एका कागदावर लिहून ठेवावा. कोणत्याही दवाखान्यात पहिल्या पाच मिनिटांत हेच तीन प्रश्न विचारले जातात.