प्रार्थनेआधी समजूत

कोकणात वसलेल्या बेने इस्रायल समाजामुळे ज्यू धर्म महाराष्ट्राला परका नाही. या समाजाने १७९६ मध्ये मुंबईत उभारलेल्या पहिल्या सिनेगॉगचे नाव ‘शार हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार. ज्यू वर्षातील सर्वांत पवित्र दिवस असलेल्या योम किप्पूरला, म्हणजेच प्रायश्चित्ताच्या दिवशी, हे द्वार उघडे असते अशी श्रद्धा आहे. सुमारे २५ तासांचा निर्जळी उपवास आणि दिवसभर प्रार्थना असे त्याचे स्वरूप असते.

मात्र एवढे करूनही एक हिशेब बाकी राहतो. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेला मिश्ना हा ग्रंथ सांगतो, की ईश्वराविरुद्धच्या अपराधांचे परिमार्जन या दिवशी होते; पण माणसाने माणसाला दुखावले असेल, तर त्या माणसाची समजूत काढेपर्यंत उपवासाचा उपयोग नाही. पती-पत्नीतला किंवा भावाभावांतला सल परस्पर देवाकडे सोपवता येत नाही.

बाराव्या शतकातील तत्त्वज्ञ मायमोनिडीस यांनी याचे नियमच घालून दिले. चोरलेले पैसे परत केले, तरी क्षमा वेगळी मागावी लागते. नुसत्या शब्दांनी दुखावले असले तरीही हेच लागू. समोरचा ऐकत नसेल, तर तीन मित्रांना सोबत घेऊन जावे. असे तीन वेळा करूनही तो बधला नाही, तर दोष त्याच्याकडे जातो. गुरूला दुखावले असेल, तर मात्र कितीही वेळा जावे लागते. दुखावलेली व्यक्ती मरण पावली असेल, तर दहा जणांना घेऊन तिच्या कबरीपाशी अपराध कबूल करावा. थोडक्यात, क्षमा न करणाऱ्यालाही जबाबदारीतून सूट नाही.

नियम सोपे, माणसे अवघड. तालमूदकारांना हे पुरते ठाऊक होते. रब्बी झेरा यांना कोणी दुखावले, की ते त्याच्यासमोरून मुद्दाम ये-जा करीत. त्याला क्षमा मागणे सोपे जावे, एवढाच हेतू. याउलट राव या विद्वानांची कथा. एका खाटकाने त्यांचा अपराध केला होता. योम किप्पूरच्या आदल्या दिवशीही तो आला नाही, तेव्हा राव स्वतःच त्याच्याकडे निघाले. वाटेत भेटलेल्या शिष्याला मात्र हे जाणे खाटकाच्या जिवावर बेतेल असे वाटले. खाटकाने त्यांना पाहून झिडकारले, आणि तो फोडत असलेल्या मुंडक्याचे हाड उडून त्याला लागले. तो मरण पावला. दोघांचाही हेतू एकच होता. परंतु एकाने वाट मोकळी केली, तर दुसऱ्याच्या येण्यातच आरोप होता. समेटासाठी जाणाऱ्याचा आवेश कधी कधी मूळ भांडणापेक्षा जड होतो, हे कोणत्याही घराला नवे नाही.

घरातील सलोख्याला ज्यू परंपरेत ‘शलोम बायित’ म्हणतात. त्याचे मोल एका छोट्या नियमातून कळते. हनुक्का या सणाचा दिवा आणि शब्बाथचा घरातील दिवा यांपैकी एकापुरतेच पैसे असतील, तर तालमूदनुसार आधी घरातला दिवा लावावा. कारण अंधारात बसलेल्या कुटुंबात सलोखा टिकत नाही.