आपल्याकडे ऊन पडलं असताना पूर कसा येतो?

मिरगाचा पाऊस झाला, रोवणी उरकली की गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. "मॅडम, आपल्या इथं तर दोन दिवस झाले पाणी नाही, मग नदी का फुगली?" प्रश्न अगदी बरोबर आहे. आज त्याचंच उत्तर बघू, कारण हे कळलं की तयारीला किती वेळ मिळतो तेही कळतं.

आपली वैनगंगा मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यात उगम पावते. तिकडेच भीमगडला तिच्यावर संजय सरोवर धरण आहे. वाटेत बाघ, बावनथडी येऊन मिळतात. पेंचचं पाणी तोतलाडोह धरणातून कन्हानमध्ये येतं आणि कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला भेटते. एवढं सगळं पाणी गोळा होऊन आपल्या तालुक्यातल्या गोसीखुर्दला येतं. म्हणजे पवनीचा पूर पवनीच्या आभाळावर ठरत नाही, तो शिवनी, छिंदवाडा, बालाघाटच्या आभाळावर ठरतो. २०२० च्या ऑगस्टच्या शेवटी हेच झालं. मध्य प्रदेशात जोरदार पाऊस झाला, वरच्या धरणांतून पाणी सोडावं लागलं आणि गोसीखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडले. भंडारा शहरात पाणी शिरलं, आपल्याकडचे नदीकाठचे धान बुडाले आणि खाली ब्रह्मपुरी तालुक्यातली गावंच्या गावं पाण्यात गेली.

त्याच वर्षी ३ जूनला रायगडच्या किनाऱ्यावर निसर्ग चक्रीवादळ आलं होतं. तिथल्या बायांनी दोन दिवस आधीच पत्रे दोरीने बांधले, होड्या वर ओढल्या, कच्च्या घरातली माणसं शाळेत नेली. आपण म्हणतो, समुद्र आपल्यापासून कुठल्या कुठे! पण आपला मोठा पाऊस बहुतेक वेळा बंगालच्या उपसागरातूनच येतो. तिथे कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि तो ओडिशा, छत्तीसगड करत मध्य प्रदेशाकडे सरकतो. म्हणून रेडिओवर "बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र" असं ऐकलं तर ती बातमी आपल्याही कामाची आहे. किनाऱ्यावरच्या बाईला वादळ येताना कळतं, तसं आपल्यालाही पाणी येताना कळू शकतं. वरून सुटलेलं पाणी एका घटकेत पोहोचत नाही. मधला जो वेळ मिळतो, तोच आपल्या हातात असतो.

आता सूचना ऐकायची कशी? हवामान खात्याचा पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे आता हला. नदीसाठी भंडाऱ्याजवळच्या कारधा पुलाची पातळी सांगतात. तिथे २४५ मीटर ही इशारा पातळी आणि २४५.५० मीटर ही धोका पातळी. दोन्हीत फरक फक्त अर्ध्या मीटरचा, हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत असतो तेवढाच. कारधा आपल्या वरच्या अंगाला आहे. तिथलं पाणी पुढे गोसीखुर्दला येतं आणि दरवाजातून सुटलं की पवनीकडे.

धरणाचं पाणी क्युमेकमध्ये सांगतात. एक क्युमेक म्हणजे सेकंदाला हजार लिटर. "दहा हजार क्युमेक विसर्ग" म्हटलं तर डोळ्यासमोर दहा हजार लिटरचे पाण्याचे टँकर आणा, असे हजार टँकर दर सेकंदाला रिकामे होत आहेत. क्युसेक वेगळा, तो लहान असतो. साधारण पस्तीस क्युसेकचा एक क्युमेक होतो. गावात कुणी आकडा सांगितला तर आधी विचारा, क्युसेक की क्युमेक? यावरून निम्म्या अफवा तिथेच थांबतात.

गटाने पावसाळ्याआधीच्या बैठकीत एक काम करावं असं माझं मत आहे, आणि ते कर्जवाटपाइतकंच महत्त्वाचं मानावं. काठावरच्या घरांत कोण स्वतःहून चालू शकत नाही, याची यादी. एकटी म्हातारी, अपंग, बाळंतीण, दिवस भरत आलेली सून. गरोदर बायांच्या तारखा आशाताईंकडे असतात. ज्यांची तारीख जवळ आहे त्यांना लाल इशाऱ्याची वाट न पाहता दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे पाठवा. पूल बुडाल्यावर १०८ ची गाडीही पलीकडेच उभी राहते. यादीतल्या प्रत्येकीसमोर गटातल्या एका बाईचं नाव लिहा, "सगळे मिळून बघू" असं लिहू नका. सगळ्यांचं काम म्हणजे कुणाचंच नाही.

घरातलं तुम्हाला मी काय सांगणार! एवढंच की आधारकार्ड, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, सातबारा, गटाचं हजेरी आणि बचतीचं रजिस्टर जाड प्लास्टिकच्या पिशवीत, घट्ट गाठ मारून. रजिस्टर भिजलं तर कुणाचं किती देणं यावरून जी भांडणं होतात, ती पुरापेक्षा जास्त दिवस चालतात. धानाची पोती माळ्यावर, बियाणं त्याहून वर. निघताना विजेचं मेन बटन बंद, सिलिंडरचं रेग्युलेटर बंद. ढोरं उंचावर नेता आली तर उत्तम, नाहीतर दावी सोडा. जनावर पोहून जीव वाचवतं, खुंट्याला बांधलेलं मात्र बुडतं.

खरी अडचण इथे आहे, की घर सोडायला बाईच तयार होत नाही. शेळ्या कोण बघेल, पोत्यांना कुणी हात लावेल का, शाळेत संडासाची सोय काय, तरुण मुलगी घेऊन परक्यांत कशी झोपू. ही भीती काही खोटी नाही. म्हणून नुसतं "निघा निघा" म्हणून भागत नाही. कोणत्या शाळेत जायचं ते आधी ठरवा. तिथल्या संडासाला कडी आणि दिवा आहे का, बायांसाठी वेगळी खोली आहे का, हे ग्रामसभेत विचारा. पॅड, कोरडे कपडे, बाळाचं दूध आपल्या पिशवीत ठेवा. शेळ्यांसाठी एक उंच जागा आणि दोन माणसं नेमा. एवढं झालं की बाया आपणहून निघतात. आणि हो, वाहतं पाणी गुडघ्याएवढं असलं तरी त्यात पाय घालू नका. डोंगा चालवणारे आपले ढिवर बांधव गावात असतील तर त्यांचे नंबर लिहून ठेवा. मदतीसाठी ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७.

पाणी ओसरल्यावर विहिरीत ब्लिचिंग पावडर पडेपर्यंत पाणी उकळूनच प्या. घरात शिरताना काठी आपटा, साप कोपऱ्यात बसलेले असतात. चावलाच तर कापणं, चोखणं, मांत्रिक यात वेळ घालवू नका, सरळ सरकारी दवाखाना.

शेवटी पंचनाम्याचं. गाळ काढण्याआधी पडलेल्या भिंतीचे, मेलेल्या जनावराचे, बुडालेल्या बांधीचे फोटो काढा. पिकाची मदत ३३ टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर मिळते, म्हणून तलाठी आणि कृषी सहायक येतील तेव्हा बांधावर स्वतः हजर राहा. सातबारा सासऱ्याच्या नावावर आणि सासरे जाऊन दहा वर्षं झाली, अशी घरं आपल्या प्रत्येक गावात आहेत. तिथे शेत कसते ती विधवा सून, पण यादीत तिचं नाव येत नाही आणि मदतीचा पैसा वारस ठरेपर्यंत अडकून पडतो. वारस नोंदीचा अर्ज पूर आल्यावर नाही, उन्हाळ्यातच द्यायचा असतो. मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं घेऊन तलाठी कार्यालयात जा. एकटीला जायला जड वाटत असेल तर गटातल्या दोघी सोबत घ्या.