ठासणीच्या बंदुकीपासून काडतुसापर्यंत



टिलबर्गच्या मुलांना 'विलेम दुसरा' हे नाव फुटबॉलच्या संघामुळे ठाऊक असतं. हा राजा १८४९ साली याच शहरात वारला. राजपुत्र असताना, १८१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईत त्याच्या खांद्याला गोळी लागली होती. ती ठासणीच्या बंदुकीची गोळी. तसल्याच बंदुका त्या काळी आपले पूर्वज कंपनी सरकारच्या मुंबईच्या पलटणींत वाहत होते.

ती बंदूक भरायची कशी? कागदी पुडी दातांनी फाडायची, चिमूटभर दारू बाहेरच्या प्याल्यात, बाकीची नळीत, वर गोळी, मग गजाने ठासायचं. चाप ओढला की गारगोटी पोलादावर घासून ठिणगी पडे. मिनिटाला दोन-तीन बार. दारू भिजली की बंदूक मुकी! मुलांनो, कोकणच्या पावसात काय गत होत असेल? सॅम्युएल एझेकिएल दिवेकर याच काळातले अधिकारी. टिपूच्या कैदेतून सुटल्यावर १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत आपलं पहिलं सिनेगॉग बांधलं.

१८०७ मध्ये फोर्सिथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने ठोका बसताच पेटणाऱ्या मसाल्याचं पेटंट घेतलं. त्यातून पुढे तांब्याची टोपी आली आणि पावसाची भीती बरीच गेली. १८४९ मध्ये मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याची पोकळ बुडाची गोळी आली. बार होताच तिचं बूड फुगे, नळीतल्या आट्यांत घट्ट बसे, आणि गोळी गरगर फिरत लांबवर सरळ जाई.

याच तऱ्हेच्या एनफिल्ड बंदुकीच्या काडतुसाला गाईची-डुकराची चरबी लावतात, अशी बातमी १८५७ मध्ये पसरली आणि हिंदू-मुसलमान शिपाई खवळले. डुक्कर तर आपल्यालाही वर्ज्य! सरकारने मग काडतूस दातांऐवजी हाताने फाडायचा नियम केला, पण तोवर उशीर झाला होता. पुढे मागून भरायच्या स्नायडर बंदुकीने फाडणं, ठासणं दोन्ही संपवलं. १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखानाही निघाला.

आम्ही जन्मभर जखमा धुतल्या, म्हणून एक सांगावंसं वाटतं. मिनिएच्या मऊ शिशाच्या गोळीने हाडाचा चुरा होई, आणि हात-पाय कापण्यावाचून इलाज नसे. जखम जंतुनाशकाने धुवायची लिस्टरची रीत छापून आली ती १८६७ मध्ये, म्हणजे गोळीनंतर १८ वर्षांनी. नातवंडांना पूर्वजांचं शौर्य जरूर सांगा, पण ही १८ वर्षंही सांगा.